वाचकांचे प्रश्न : बिस्किटाच्या डब्यातला वेताळ

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी चोपड्याहून लिहितेय, माहेर सावद्याचं. दिवाळीआधी माहेरी माळा साफ करायला घेतला तर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तळहातापेक्षा थोडी मोठी, काळी अशी एक कॅसेट सापडली, गाण्यांची नाही, टीव्ही गेमची. ९६ साली मामा मस्कतहून सुट्टीवर आले होते तेव्हा भावासाठी घेऊन आले होते. आमच्याकडे तेव्हा जो टीव्ही गेम होता त्यात ती बसलीच नाही, भावाने जोर लावून दाबली, कोपऱ्याचा टवका उडाला, मग आईने रागावून डब्यात टाकली ती आजपर्यंत तिथेच. स्टिकर अर्धं निघालंय, जांभळ्या कपड्यातला एक माणूस दिसतो आणि खाली २०४० हा आकडा. आप्पांनी (माझे वडील, भुसावळला रेल्वेत होते, आता ७४ वर्षांचे आहेत) चष्मा लावून पाहिलं आणि एकदम म्हणाले, "हाऊ तं वेताळ शे!" आणि मग तासभर इंद्रजाल कॉमिक्सच्या गोष्टी सांगत बसले, इतकं बोलताना मी त्यांना आई गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिलं. खरंच हा वेताळाचा गेम आहे का? असली आहे की नकली? जळगावचा एक जण पाचशे देतो म्हणतोय, देऊन टाकू का? आणि चालवायची असेल तर कशावर चालेल? आप्पांना दाखवायची खूप इच्छा आहे.

उत्तर : ताई, पहिलं सांगतो, पाचशेला देऊ नका. आत्ता तर कोणत्याच भावाला देऊ नका, आधी आप्पांना खेळू द्या, विकायचं नंतर बघू.

आप्पांनी बरोबर ओळखलं, वेताळच आहे तो. म्हणजे आपला गावकुसाबाहेरचा शेंदूर फासलेला वेताळबाबा नाही, इंद्रजालवाला वेताळ, मुखवटा घालून जंगलात राहणारा कॉमिक्सचा नायक, इंग्रजीत ज्याला फँटम म्हणतात तो. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रात चित्रपट्टीच्या स्वरूपात सुरू केला, त्याआधी १९३४ ला जादूगार मँड्रेकही त्यानेच आणला होता. इकडे १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि पहिल्याच अंकात वेताळ. सुरुवातीचे बत्तीस अंक तर सगळे वेताळाचेच होते, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे आले, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९० ला बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. म्हणजे हिशोब करा, पहिला अंक आला तेव्हा आप्पा तेरा वर्षांचे असणार, शाळेतलं पोरगं, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवरचा बुकस्टॉल, आणि हातात मराठीतला वेताळ! माझे मोठे काकापण भुसावळचेच, ते सांगायचे की गाडी थांबली की प्रवासी चहाकडे पळायचे आणि आम्ही पोरं स्टॉलकडे, विकत घ्यायला पैसे नसायचे तर उभ्याउभ्याच निम्मा अंक वाचून काढायचा, स्टॉलवाला ओरडला की पुढच्या पानाचा नुसता अंदाज करत घरी जायचं. घरी आणला तर आजी म्हणायची वेताळाचं नाव असलेलं पुस्तक देवघराजवळ ठेवू नको रे बाबा. तिच्या मनात तो शेंदरी दगडच होता ना.

अजून एक गोष्ट आप्पांना विचारून बघा, त्यांना आठवेल. मूळ गोष्टीत वेताळाचा देश बंगाल्ला, पण इंद्रजालमध्ये त्याचं डेंकाली केलं होतं. आणि मूळ गोष्टीत ज्या चाच्यांच्या टोळीने पहिल्या वेताळाच्या (वेताळपण बापाकडून मुलाकडे येतं) बापाला मारलं ती सिंग टोळी, इकडे तिचं सिंगा झालं. भारतातल्या वाचकाला बंगाल आणि सिंग वाचून भलताच अर्थ लागला असता म्हणून हे बदल केले, आणि माझ्या मते योग्यच केलं, कारण त्यामुळे तो देश कुठलाच राहिला नाही आणि आपल्या पोरांना तो सातपुड्यातपण बसवता आला. सातपुड्यातल्या पालच्या जंगलात गेलो की आम्हाला वेताळ राहतो ती कवटीची गुहा इथेच कुठेतरी असणार असं पक्कं वाटायचं.

आता गेमचं. तुमच्या स्टिकरवर २०४० आहे म्हणजे तो गेम फँटम २०४०. त्याच नावाची कार्टून मालिका १९९४ ते ९६ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर आली, ३५ भाग झाले, तिच्यावरून वायाकॉम न्यू मीडियाने १९९५ ला हा गेम काढला. तीन मशीनसाठी निघाला : सेगाचं मेगा ड्राइव्ह (अमेरिकेत त्यालाच जेनेसिस म्हणतात), निनटेंडोचं सुपर निनटेंडो आणि हातात धरून खेळायचं सेगा गेम गिअर. तुमची काळी आणि तळहातापेक्षा थोडी मोठी म्हणताय, मामांनी मस्कतहून आणलीय, तर मेगा ड्राइव्हचीच असणार. सुपर निनटेंडोच्या राखाडी असतात आणि गेम गिअरची तर काडेपेटीपेक्षा थोडीच मोठी असते, त्यामुळे ओळखायला चूक व्हायची शक्यता कमी.

ही कॅसेट कमी का दिसते ते सांगतो, कारण तुम्हाला पाचशेवाला भेटला आहे आणि उद्या कोणी पन्नास हजारवालाही भेटेल. हा गेम आला तेव्हा १९९५ साल होतं, जगभर लोक प्लेस्टेशन आणि सॅटर्न या नव्या मशीनकडे वळत होते, सीडीचे गेम आले होते, आणि जुन्या सोळा बिटच्या मशीनसाठी उशिरा आलेल्या कॅसेटींकडे दुकानदारही फारसं बघत नव्हते. त्यात फँटम म्हणजे अमेरिकेतल्या पोरांसाठी बॅटमॅन किंवा स्पायडरमॅनइतका ओळखीचा नव्हता. त्याचे चाहते ऑस्ट्रेलियात, स्वीडनमध्ये आणि आपल्याकडे. म्हणजे गेम निघाला एकीकडे आणि त्याला जीव लावणारी माणसं दुसरीकडे! मामांनी मस्कतच्या दुकानात हजार कॅसेटींमधून नेमकी हीच का उचलली, त्यांना विचारता आलं तर जरूर विचारा. मला वाटतं त्यांनाही वेताळच दिसला असेल.

गेमची गोष्ट अशी आहे की २०४० साल, मेट्रोपिया नावाचं मोठं शहर, आणि चोविसावा वेताळ म्हणजे किट वॉकर हा कॉलेजातला पोरगा. आप्पांचा वेताळ एकविसावा. त्याच्यानंतरची तिसरी पिढी समजा. जंगलं जवळपास संपलीत, मॅक्सिमम नावाची बलाढ्य कंपनी आणि तिची मालकीण रिबेका मॅडिसन, तिला सगळं शहर मुठीत घ्यायचंय, तिचे बायॉट नावाचे यंत्ररोबो सगळीकडे फिरतात. जंगल वाचवायची लढाई आहे ती, आणि हा विचार १९९५ च्या गेमात होता हे मला आजही विशेष वाटतं. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याला राहता, तुम्हाला मी काय सांगणार.

खेळायला बाजूने बघायचा गेम आहे, पळायचं, उड्या मारायच्या, गोळ्या घालायच्या, दोर मारून छताला लटकत जायचं. पण खरी मजा पुढेच आहे. मधेमधे गेम तुम्हाला विचारतो की आता कुठे जाणार, काय करणार, आणि तुम्ही जे निवडाल तशी पुढची वाट बदलते, शेवटही वेगवेगळे आहेत. म्हणून म्हणतो आप्पांना शेजारी बसवा. बटणं तुम्ही दाबा (या वयात अंगठा लवकर दुखतो), पण कुठे जायचं ते आप्पांना ठरवू द्या. इंद्रजाल वाचलेला माणूस त्या निवडी तुमच्या भावापेक्षा बऱ्या करेल, याची मला खात्री आहे. आणि यात गेम सेव्ह होत नाही, पासवर्ड देतो. ही चांगलीच गोष्ट समजा, कारण ज्या कॅसेटीत सेव्ह असतो तिच्या आत घड्याळासारखा चपटा सेल असतो, तीस वर्षांत तो बहुतेक संपलेला असतो, इथे तसलं काही नाही. पासवर्ड वहीत लिहा, नीट मोठ्या अक्षरात, आप्पांच्या हातची वही असली तर उत्तम.

आता भावाच्या टीव्ही गेममध्ये का बसली नाही. त्या काळात आपल्याकडे गावोगावी जे टीव्ही गेम मिळायचे, ते बहुतेक सगळे निनटेंडोच्या जुन्या आठ बिटच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांची कॅसेट साठ पिनची. मेगा ड्राइव्हची चौसष्ट पिनची, मशीनचा मेंदूही पूर्ण वेगळा, सोळा बिटचा मोटोरोला ६८०००. म्हणजे दाबून बसली असती तरी चालली नसती, उलट दोन्ही खराब झालं असतं. मेगा ड्राइव्ह आपल्याकडे आलं होतं, १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेसने सेगाशी करार करून आणलं होतं, पण किंमत अठरा हजार. त्या काळचे अठरा हजार! सावद्यात केळीचा चांगला हंगाम गेला तरी कोणता बाप पोराला अठरा हजाराचा गेम घेऊन देणार? म्हणून तुमच्या भावाला बोल लावू नका, त्याच्या आजूबाजूला ते मशीन कुणाकडेच नव्हतं.

असली-नकली ओळखायचं असेल तर उघडायची घाई करू नका. आधी मागची बाजू बघा, प्लॅस्टिकमध्येच सेगा असं कोरलेलं असतं, छापलेलं नाही, बोट फिरवलं की लागतं. मग खालच्या फटीतून टॉर्च मारून आत बघा. हिरवा बोर्ड दिसेल, त्यावर पायांची काळी चौकोनी चिप असेल तर बहुतेक असली, आणि बोर्डावर सेगाचं नाव व साल दिसलं तर अजून चांगलं. जर बोर्डावर डांबराचा थेंब पडल्यासारखा गोल काळा ठिपका असेल तर नकली. उघडायचीच वेळ आली तर त्याचे स्क्रू आपल्या नेहमीच्या पेचकसाने निघत नाहीत, त्याला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, ऑनलाइन मिळतो. पेनाचं टोपण वितळवून आत घालून फिरवायचा जुगाड कोणी सांगेल, तो करू नका, स्क्रूचं डोकं जातं आणि मग कॅसेट कापायची वेळ येते.

साफ करणं. फुंकर मारू नका ताई, मला माहितेय आपण सगळ्यांनीच मारली आहे, पण तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि हळूहळू गंज धरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, नव्वद टक्क्यांच्या वरचं घ्या, कानातली काडी त्यात बुडवून पिळून पिनांवर उभी उभी घासा, काडी काळी झाली की फेकून दुसरी घ्या. शेवटची काडी पांढरी राहिली पाहिजे. मग दहा पंधरा मिनिटं सावलीत वाळू द्या. रॉकेल नको, पॉलिश पेपर तर अजिबात नको. आणि परत माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली काय होतं ते मी सांगायची गरज नाही, जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. खालच्या खोलीतलं कपाट चांगलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी माझ्या घरच्या नुकसानीतून सांगतोय म्हणून नीट वाचा. मेगा ड्राइव्हचं मशीन सेकंडहँड मिळेल, पण त्याचा मूळ ॲडाप्टर बऱ्याचदा मिळत नाही आणि दुकानदार म्हणतो हा घ्या, नऊ व्होल्टचा, कुठेही चालतो. चालत नाही! या मशीनचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला मोठा, पुढच्या बाजूला हेडफोनचं भोक आणि आवाजाची सरकपट्टी असलेला, त्याला नऊ व्होल्ट आणि पिनेचा मधला भाग मायनस. दुसरा लहान, हेडफोनचं भोक नसलेला, त्याला दहा व्होल्ट आणि मधला भाग प्लस. म्हणजे दोघांची पिन दिसायला सारखीच वाटेल, पण करंट उलटा. ९८ साली माझ्या आतेभावाने दुबईहून लहान मेगा ड्राइव्ह आणलं, आमच्या गल्लीतल्या एका दुकानातून मी ॲडाप्टर घेतला, बसला पण झकास, बटण सरकवलं आणि दिवा लागलाच नाही, दोन सेकंदांत जळक्या वासाने खोली भरली. आतेभाऊ काही बोलला नाही, नुसता मशीनकडे बघत बसला, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. दुरुस्तीला दिलं, तीन महिने ठेवून घेतलं आणि तसंच परत दिलं. म्हणून ॲडाप्टरच्या मागचं लेबल वाचा, त्यावर छोटी खूण असते, मधे ठिपका, भोवती अर्धा गोल, ठिपक्याला कोणतं चिन्ह जोडलंय ते बघा आणि मशीनच्या खाली छापलेल्या खुणेशी जुळवा. जुळलं नाही तर लावू नका, मग दुकानदार काहीही म्हणू दे.

चौकशी नाशिक-पुण्याला करा, जुनी मशीनं जमवणारे लोक तिथे भेटतात, आणि विकत घेताना समोर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, स्वतःची कॅसेट सोबत न्या. विकायचा विचार पुढेमागे आलाच तर ऑनलाइन लोक काय मागतात ते बघू नका, मागायला काय जातं. प्रत्यक्षात विकलेल्या मालाचा भाव बघा. तुमच्या कॅसेटीचा कोपरा गेलाय, स्टिकर फाटलंय, मूळ डबा नाही, त्यामुळे भाव कमी येणार हे धरून चला. पण चालू असली तर पाचशेची नक्कीच नाही.

प्रश्न : धुळ्याहून. आमच्याकडे अमेरिकेतून आलेलं जेनेसिस आहे, जुन्या टीव्हीवर चित्र येतं पण रंगच नाही, सगळं काळंपांढरं. मशीन बिघडलंय का?

उत्तर : नाही भाऊ, मशीन ठीक आहे. अमेरिकेचं मशीन एनटीएससी पद्धतीने रंग पाठवतं, सेकंदाला साठ वेळा चित्र, आणि आपला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, पन्नासवाला. त्याला चित्र कळतं, रंग कळत नाही. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम ऑटो किंवा एनटीएससी करायची सोय असेल तर करून बघा, बऱ्याच टीव्हींत असते, नसेल तर एव्हीचं भोक असलेल्या एलईडी टीव्हीवर लावा. फरक एवढाच की आखाती किंवा युरोपच्या पालवाल्या मशीनवर बरेच गेम सतरा टक्के हळू चालतात, तुमच्याकडे पूर्ण वेगाने चालतील, म्हणजे रंग आला की तुमचं नशीब चोपड्याच्या ताईंपेक्षा बरं. आणि ॲडाप्टर! अमेरिकेचा १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या बोर्डात सरळ लावलात तर जागेवर जळेल, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावूनच चालवा.

प्रश्न : शहाद्याहून. वेताळाचे आणखी गेम आहेत का, आणि मँड्रेकचा एखादा?

उत्तर : मला माहीत असलेला एक आहे, दोघंही एकाच गेममध्ये. १९८६ ला अमेरिकेत एक कार्टून मालिका आली होती, तिच्यात फ्लॅश गॉर्डन, वेताळ, मँड्रेक आणि त्याचा जोडीदार लोथार मिळून पृथ्वी वाचवतात, तिचं नाव डिफेंडर्स ऑफ द अर्थ. तिच्यावरून १९९० ला घरगुती कॉम्प्युटरसाठी गेम निघाला, स्पेक्ट्रम, कमोडोर, अमिगा वगैरे. म्हणजे टीव्हीला जोडायच्या कॅसेटीवर नाही, टेपवर आणि फ्लॉपीवर. त्यातला एकेक जण खेळताना मदतीला बोलावता येतो. तो गेम मला फारसा रुचला नाही, धावपळ जास्त आणि वेताळ कमी, म्हणून एकच घ्यायचा असेल तर फँटम २०४० च शोधा.

चोपड्याच्या ताईंना जाता जाता एवढंच, मशीन मिळालं आणि कॅसेट चालली तर आप्पांनी पहिल्या निवडीला कोणती वाट घेतली ते मला नक्की कळवा. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा चुकीची घेतली होती.